आधी जीवाणू, मग मासे

दोन पिंपे शेजारी शेजारी ठेवली आहेत. पहिले कालच घासूनपुसून भरले आहे. त्यातले पाणी इतके नितळ आहे, की तळाशी टाकलेले नाणे स्पष्ट दिसावे. दुसरे पिंप दोन महिन्यांपासून चालू आहे. त्याच्या आतल्या भिंतींना हात लावला तर बुळबुळीत लागते, खडीवर तपकिरी थर धरला आहे आणि पाण्याला किंचित पिवळसर छटा आली आहे. तुमच्याजवळ दहा लहान मासे आहेत. ते कोणत्या पिंपात सोडाल?

पुष्कळ जण पहिल्या पिंपाकडे बोट दाखवतील. स्वच्छ दिसते ते चांगले, असे आपण सहज समजतो. पण त्या नितळ पिंपात मासे सोडून त्यांना रोज खाऊ घातले, तर आठ-पंधरा दिवसांतच ते पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतील आणि कदाचित एकामागून एक मरतील. दुसऱ्या पिंपात मात्र तेच मासे सुखाने राहतील. असे का बरे व्हावे? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपली गाठ अशा काही कामकऱ्यांशी पडणार आहे, की ज्यांच्यावाचून ना मासा जगेल, ना मेथीची जुडी वाढेल.

मासे खाली, भाजी वर

हे दुसरे पिंप आहे ॲक्वापॉनिक्सचे. मत्स्यपालन आणि मातीविना शेती या दोहोंची सांगड घालणाऱ्या पद्धतीला हे नाव मिळाले आहे. खाली माशांची टाकी आणि वर खडीने भरलेला वाफा, एवढाच तिचा सांगाडा. छोटा पंप टाकीतले पाणी वाफ्यात चढवतो. ते खडीतून झिरपत पुन्हा टाकीत पडते. माशांच्या मलमूत्रातून रोपांना खत मिळते आणि रोपे पाणी शुद्ध करून माशांना परत देतात. तेच पाणी फिरून फिरून वापरले जात असल्यामुळे पाणी फार थोडे लागते.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत पाणी थोडे लागणे या गुणाला मोठी किंमत आहे. हे तालुके पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेले आहेत. भीमाशंकरच्या बाजूला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस कोसळतो; पण पूर्वेकडे सरकत आणे पठाराकडे जावे, तसा तो झपाट्याने कमी होत जातो. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्यांवर धरणे बांधून अडवलेले पाणी कालव्यांनी पूर्वेकडे न्यावे लागते, ते यासाठीच. नारायणगावचे टोमॅटो आणि जुन्नरची द्राक्षे याच पाण्यावर पिकतात. अशा मुलखात दोनशे लिटर पाण्यात मासे आणि भाजी दोन्ही पिकवण्याची कल्पना कुणालाही आवडेल. गच्चीवर किंवा परसात हा प्रयोग करता येतो. मात्र तो फसतो तोही बहुधा पहिल्या महिन्यातच, आणि बहुतेक वेळा पाण्यामुळेच.

थोडे गणित करू

समजा, दोनशे लिटरच्या पिंपात प्रत्येकी ५० ग्रॅम वजनाचे दहा मासे आहेत. म्हणजे एकूण वजन झाले ५०० ग्रॅम. त्यांना रोज वजनाच्या दोन टक्के, म्हणजे १० ग्रॅम खाद्य आपण देतो. माशांच्या खाद्यात सुमारे एकतृतीयांश भाग प्रथिनांचा असतो आणि प्रथिनांमध्ये नत्र असते. मासा या नत्रातला काही भाग आपल्या शरीरात साठवतो. उरलेला बहुतांश भाग अमोनियाच्या रूपाने बाहेर टाकतो. गंमत अशी की, हा अमोनिया प्रामुख्याने त्याच्या कल्ल्यांतून बाहेर पडतो. ढोबळ हिशोब असा, की १० ग्रॅम खाद्यापाठीमागे पाण्यात सुमारे ३०० मिलिग्रॅम अमोनिया-नत्र मिसळते.

आता ३०० ला २०० लिटरने भागा. उत्तर येते दर लिटरला दीड मिलिग्रॅम. हे झाले एका दिवसाचे. पाच दिवसांत साडेसात मिलिग्रॅम! पाणी अजून नितळच दिसते. त्याला वास नाही, रंग नाही. पण त्यात विष साठत चालले आहे.

नदीत किंवा तलावात असे होत नाही, कारण तेथे पाणी अफाट असते. आंबेगाव तालुक्यात घोड नदीवर डिंभे धरण आहे. त्याच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिलेले आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते जुने आंबेगाव याच जलाशयाखाली गेले. विस्थापित आदिवासी कुटुंबांपैकी अनेकांनी पुढे सहकारी संस्था करून या पाण्यात मासेमारी सुरू केली. या कुटुंबांबरोबर काम करणाऱ्या ‘शाश्वत’ या संस्थेला २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे ‘इक्वेटर’ पारितोषिक मिळाले. मुंबईच्या केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेने याच जलाशयात तरंगते पिंजरे लावून मत्स्यबीज वाढवण्याचे प्रयोग केले. इवलेसे बीज एकदम मोठ्या पाण्यात सोडले तर शिकारी मासे ते गट्ट करतात. म्हणून बोटभर लांबीचे होईपर्यंत ते जाळीच्या पिंजऱ्यात वाढवायचे.

पिंजऱ्यातही मासे दाटीवाटीनेच राहतात आणि तेथेही खाद्य टाकावे लागते. मग तेथे अमोनिया का साठत नाही? कारण जाळीतून पाणी सतत आरपार जात असते आणि बाहेर सारा जलाशय पसरलेला असतो. आपल्या पिंपाला असा शेजार नाही. त्याच्या चार भिंतींच्या आत जे पडले ते आतच राहते. म्हणून जलाशयात जे काम आपोआप होते, ते पिंपात जमवून आणावे लागते.

एकाच अमोनियाची दोन रूपे

अमोनिया पाण्यात दोन रूपांत राहतो. एक रूप विद्युतभारित. त्याला अमोनियम म्हणतात. ते माशांना फारसे बाधत नाही. दुसरे रूप भाररहित. ते कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सहज आत शिरते आणि माशाला मारक ठरते. कोणते रूप किती, हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर ठरते. सामू म्हणजे पाणी आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी, हे दाखवणारा आकडा. ७ हा मध्यबिंदू. त्याखाली आम्लधर्मी, त्यावर अल्कधर्मी.

पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअस असेल आणि सामू ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी हजारात जेमतेम सहा भाग विषारी रूपात असतात. सामू ८ झाला की शंभरात पाच. सामू ९ झाला की शंभरात छत्तीस! सामूचा आकडा दोनने वाढला आणि विष साठपट झाले. पाणी तापले की विषारी भाग आणखी वाढतो.

आता जुन्नरकडे पाहू. हा सारा मुलूख काळ्या बसाल्ट खडकाचा आहे. या खडकाच्या भेगांतून मुरणारे पाणी वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट विरघळवून घेते. म्हणून विहिरी व विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड आणि थोडे अल्कधर्मी असते. डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही, भांड्याला पांढरे किटण धरते, ही त्याची घरगुती लक्षणे. अशा पाण्याचा सामू आठच्या आसपास असेल, तर पाच दिवसांच्या साडेसात मिलिग्रॅम अमोनियापैकी सुमारे ०.४ मिलिग्रॅम विषारी रूपात असेल. माशांसाठी हे प्रमाण ०.०५ च्या आत राहावे, असे सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे सुरक्षित मर्यादेच्या आठपट!

आणखी एक मेख आहे. पिंप उन्हात उघडे असेल तर पाणी हिरवे होते. हे हिरवे शेवाळ दुपारी भरभर प्रकाशसंश्लेषण करते, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड खाऊन टाकते आणि सामू ९ कडे सरकतो. सकाळी धडधाकट दिसणारे मासे दुपारी अचानक का तडफडतात, त्याचे एक कारण हे. म्हणून पिंप सावलीत ठेवावे, ऊन फक्त रोपांना द्यावे आणि सामू रोज एकाच वेळी मोजावा.

वीस दिवसांचे कोडे

मग दुसऱ्या, बुळबुळीत पिंपात अमोनिया जातो कोठे? याचे उत्तर एका जुन्या आणि सुंदर प्रयोगात आहे. १८७७ साली श्लोसिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी सुमारे एक मीटर लांबीच्या काचेच्या नळीत वाळू आणि थोडी खडूची पूड भरली. वरून रोज सांडपाणी हळूहळू सोडले. पहिले वीस दिवस खालून अमोनिया जसाच्या तसा बाहेर येत होता. त्यानंतर अचानक तो कमी होऊ लागला आणि त्याच्याऐवजी नायट्रेट बाहेर पडू लागले.

हा बदल केवळ रासायनिक असता, तर तो पहिल्याच दिवशी सुरू व्हायला हवा होता. वीस दिवस वाट कशासाठी? शास्त्रज्ञांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट तयार होणे थांबले. क्लोरोफॉर्म काढून टाकला, तरीही ते सुरू होईना. मग त्यांनी चांगल्या मातीचे थोडे धुवण नळीत ओतले. आणि काही दिवसांत नायट्रेट पुन्हा येऊ लागले! हे काम कोणीतरी सजीव करत होते, हे त्यावरून स्पष्ट झाले. १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने ते सजीव वेगळे करून दाखवले. ते होते जीवाणू.

हे जीवाणू दोन पाळ्यांत काम करतात. पहिली टोळी, जिच्यात नायट्रोसोमोनास हे प्रसिद्ध नाव आहे, ती अमोनियाचे नायट्राइट बनवते. दुसरी टोळी, नायट्रोस्पायरा आणि नायट्रोबॅक्टर यांची, नायट्राइटचे नायट्रेट बनवते. नायट्रेट माशांना बरेच सोसते आणि रोपांना तर ते हवेच असते. भिंतींवरचा बुळबुळीत थर आणि खडीवरचा तपकिरी लेप हेच या कामकऱ्यांचे घर. तुमच्या घरी पाहुणे यायचे म्हणून कोणी तो लेप घासून धुऊन काढला, तर तो साफसफाईचा नव्हे, कामगारांना घालवून देण्याचा प्रकार ठरेल.

दही आणि विरजण

दुधात विरजण घातले की एका रात्रीत दही लागते. मग हे जीवाणू महिनाभर का घेतात? याचे कारण त्यांच्या अन्नात आहे. दह्याच्या जीवाणूंना दुधातली साखर आयती मिळते. नायट्रोसोमोनासला असले पक्वान्न नाही. तो अमोनिया ‘जाळून’ थोडीशी ऊर्जा मिळवतो आणि तिच्या बळावर कार्बन डायऑक्साइडपासून आपले शरीर घडवतो. कमाई तुटपुंजी, म्हणून संसारही हळूहळू वाढतो. अनुकूल परिस्थितीत काही सामान्य जीवाणू वीस मिनिटांत एकाचे दोन होतात; या मंडळींना त्यासाठी एक दिवस किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. त्यांना २५ ते ३० अंशांचे पाणी मानवते. डिसेंबर-जानेवारीत जुन्नरची थंडी पडली की त्यांचे काम मंदावते. तेव्हा नवे पिंप थंडीत सुरू कराल तर अधिक धीर धरावा लागेल.

पण विरजणाची युक्ती येथेही चालते. कोणाची जुनी, निरोगी मत्स्यपेटी असेल, तर तिच्यातली ओंजळभर खडी आणा. ती वाळू देऊ नका. तिच्याच पाण्यात बुडवून आणा आणि आपल्या खडीत मिसळा. चार आठवड्यांचे काम पुष्कळदा निम्म्या वेळात होते.

मधला धोका

नव्या पिंपाचे पाणी रोज तपासून आलेख काढला, तर त्यात तीन डोंगर एकामागून एक उभे राहताना दिसतील. पहिल्या आठवड्यात अमोनिया चढतो. पहिली टोळी वाढली की तो उतरू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, जिंकलो! पण त्याच वेळी नायट्राइट चढत असते, कारण दुसरी टोळी अजून तयार झालेली नसते. फसगत होते ती याच टप्प्यावर.

नायट्राइट कल्ल्यांतून माशाच्या रक्तात शिरते आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलते. असे बदललेले हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. रक्त तपकिरी पडते. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही मासा गुदमरतो. यावर एक साधा तात्पुरता उपाय आहे. मिठातले क्लोराइड कल्ल्यांच्या दारात नायट्राइटची वाट अडवते. शंभर लिटरला सुमारे २० ग्रॅम जाडे मीठ पुरते. त्याहून फार जास्त घातले तर रोपे करपतील.

रक्तावरचा हा परिणाम केवळ माशांपुरता नाही. शेतात गरजेपेक्षा जास्त नत्रखत पडले, की त्यातले नायट्रेट पाण्याबरोबर झिरपत विहिरीत उतरते. असे पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरले तर त्याच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होऊ शकते. मग बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि त्याची कांती निळसर पडते. म्हणूनच आपल्या देशात पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवलेली आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. गावातल्या विहिरीचे पाणी माती-पाणी परीक्षण करणाऱ्या प्रयोगशाळेत तपासून घेणे, हा शाळेसाठी एक उत्तम उपक्रम होईल.

पाणी कोणते घ्यावे?

नळाचे पाणी सोयीचे, पण त्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असते. ग्रामपंचायत टाकीत ब्लीचिंग पावडर टाकते ती यासाठीच. आपल्यासाठी हे आवश्यक आहे. परंतु क्लोरीन माशांचे कल्ले जाळते आणि आपल्या कामकरी जीवाणूंनाही मारते. असे पाणी उघड्या भांड्यात एक-दोन दिवस हलते ठेवले, म्हणजे क्लोरीन उडून जातो.

विहिरीच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण सामू जास्त असतो, हे आपण पाहिलेच. पागोळ्यांचे पावसाचे पाणी मऊ असते. मात्र त्यात दुसरीच उणीव आहे. जीवाणू अमोनियाचे नायट्रेट करताना आम्ल तयार करतात. विहिरीच्या पाण्यातील बायकार्बोनेट हे आम्ल मारून टाकते. एक ग्रॅम अमोनिया-नत्र बदलताना सुमारे सात ग्रॅम चुनखडीएवढी अल्कता खर्च होते. पावसाच्या पाण्यात ही शिल्लकच नसते. त्यामुळे त्याचा सामू काही दिवसांत ६ च्या खाली घसरतो आणि जीवाणूंचे काम जवळजवळ बंद पडते. म्हणजे पश्चिमेच्या घाटमाथ्यावरच्या मुलाला एक अडचण आणि पूर्वेच्या बेल्हे-आळे भागातल्या मुलीला नेमकी उलटी! दोन्ही पाणी मिसळून घेतले तर दोघांचेही काम सोपे होते. सामू ६.५ ते ७.५ च्या दरम्यान राहिला की मासे, रोपे आणि जीवाणू या तिघांचेही भागते.

काही महिन्यांनी विहिरीच्या पाण्यातील शिल्लकही संपत येते. तेव्हा धुऊन चुरलेली अंड्याची टरफले किंवा शिंपले कापडी पिशवीत बांधून टाकीत सोडावेत. ते हळूहळू विरघळतात. चुन्याची निवळी एकदम ओतू नये. सामू झटकन वर गेला, तर साठलेले निरुपद्रवी अमोनियम क्षणात विषारी अमोनिया होईल.

खडी निवडतानाही सामूचा विचार करा. आपल्याकडची काळी बसाल्टची खडी चांगली. खडीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. बुडबुडे आले तर तीत चुना आहे असे समजा. अशी खडी सामू सतत वर ओढत राहील. क्रशरची खडी दगडाची पूड निघून जाईपर्यंत धुवावी.

प्राणवायूचा हिशोब

पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो. समुद्रसपाटीला २० अंशांच्या एका लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांना साडेसातच. जुन्नर समुद्रसपाटीपासून सुमारे ७०० मीटर उंचीवर असल्याने तेथे हे प्रमाण आणखी थोडे कमी. आणि वाटेकरी किती! मासे, कुजणारे उरलेले खाद्य, रोपांची मुळे आणि आपले जीवाणू. एक ग्रॅम अमोनिया-नत्र बदलायला त्यांना साडेचार ग्रॅमहून अधिक प्राणवायू लागतो.

म्हणून वाफ्यातून परतणारे पाणी टाकीत उंचावरून, खळखळत पडू द्यावे. वीज गेली आणि पंप थांबला, तर ताबडतोब खाद्य बंद करावे आणि तांब्याने पाणी वर-खाली ओतत राहावे. हा उपाय साधा आहे, पण त्याने मासे वाचतात.

करून पहा

१. दोनशे लिटरचे अन्न साठवण्याचे प्लॅस्टिकचे पिंप घ्या. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी घेऊ नका. तांबे आणि जस्त माशांना विषारी असल्यामुळे तांब्याचे नळ व जस्ताचा मुलामा दिलेली भांडीही टाळा.

२. पाणी भरा, पंप सुरू करा, खडीत जुन्या पेटीतील खडीचे विरजण घाला. मासे अजून आणायचे नाहीत.

३. रोज चिमूटभर मासेखाद्य पाण्यात टाका. ते कुजून अमोनिया तयार होईल. जीवाणूंना हाच शिधा.

४. मत्स्यपेट्यांच्या दुकानात रंगबदलावरून पाणी तपासण्याचे संच मिळतात. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि सामू एक दिवसाआड तपासून वहीत लिहा. सोबत पाण्याचे तापमान लिहायला विसरू नका.

५. खाद्य टाकत असूनही अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्याजवळ आले आणि नायट्रेट दिसू लागले, की समजा पिंप तयार झाले. चार ते सहा आठवडे लागतील. घाई करू नका.

६. मग प्रथम तीन-चार मासेच सोडा. दोन आठवडे आकडे ठीक राहिले तर उरलेले. संध्याकाळी न खाल्लेले खाद्य काढून टाका.

७. मध्येच अमोनिया किंवा नायट्राइट चढले तर खाद्य बंद करा आणि एकतृतीयांश पाणी बदला. नवे पाणी क्लोरीन गेलेले आणि जवळपास त्याच सामूचे असावे.

रोपे किती लावावीत? संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१४ साली लहान प्रमाणावरील ॲक्वापॉनिक्सवर एक पुस्तक काढले. त्यानुसार एक चौरस मीटर पालेभाजीसाठी माशांना रोज ४० ते ५० ग्रॅम खाद्य पडावे लागते. म्हणजे आपल्या १० ग्रॅमवर दोन-अडीच चौरस फुटांचा वाफा पोसेल. सुरुवात पुदिना, पालक, मेथी यांनी करावी. टोमॅटोची भूक मोठी. ती नव्या पिंपाला झेपत नाही.

रोपांची नवी पाने पिवळी पडली आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या, तर ते लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. अल्कधर्मी पाण्यात लोह असूनही मुळांना मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीतल्या द्राक्षबागांतही शेतकऱ्यांना हेच दिसते. कृषी सेवा केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह अगदी थोडे घातले की पाने हिरवी होतात. पण कीड पडली म्हणून औषध मात्र कधीही फवारू नका. टोमॅटोच्या किंवा द्राक्षांच्या शेजारच्या रानात फवारणी चालू असेल तेव्हा पिंप झाकून ठेवा. बोर्डो मिश्रणात तांबे असते, हे ध्यानात ठेवा.

आणि शेवटची सूचना. प्रयोग संपला म्हणून पेटीतले मासे ओढ्यात, कालव्यात किंवा धरणात सोडू नका. परके मासे तेथे वाढले तर स्थानिक माशांचे अन्न आणि अंडी फस्त करतात. डिंभ्याच्या किंवा माणिकडोहच्या पाण्यावर पोट असणाऱ्या मच्छीमारांचे त्यात नुकसान आहे. आफ्रिकन मांगूर पाळण्यावर तर आपल्या देशात बंदीच आहे.

अजून शोध संपलेले नाहीत

नायट्रेटचे कोडे विनोग्राड्स्कीने सोडवले, आता त्यात नवे काय उरले, असे शंभर वर्षे वाटत होते. पण २००५ साली अमेरिकेतील सिॲटल मत्स्यालयाच्या एका टाकीतल्या खडीत, अमोनियावर जगणारा एक अगदी निराळ्या कुळातला सूक्ष्मजीव सापडला. तो जीवाणू नव्हताच. आर्किया या वेगळ्या गटातला होता. पुढे २०१५ साली त्याहून मोठे नवल घडले. अमोनियापासून थेट नायट्रेटपर्यंतचे सारे काम एकट्याने करणारे नायट्रोस्पायरा सापडले. दोन पाळ्यांचा नियम सर्वांनाच लागू नाही, हे तेव्हा कळले. ते शोधणाऱ्या दोन गटांपैकी एका गटाला ते कोठे मिळाले असतील? पाणी फिरवून वापरणाऱ्या एका मत्स्यपालन केंद्राच्या गाळणीत!

म्हणजे आपल्या पिंपातल्या खडीवर नेमके कोण राहते, हे आपणही गृहीत धरू नये. दोन लहान बरण्यांत सारखीच खडी आणि सारखेच खाद्य घाला. एकीत विहिरीचे पाणी आणि दुसरीत पावसाचे पाणी भरा. दोन्हींत हवा सोडणारा छोटा पंप लावा आणि सहा आठवडे आकडे लिहा. कोणत्या बरणीत अमोनिया आधी उतरतो? कोणत्या बरणीत सामू आधी घसरतो? एका आलेखावर दोन्ही रेषा काढा आणि त्यांत फरक का पडला, ते वर्गात मांडा.